वाईनच्या द्राक्षांची छोटी बाग, टेक्नॉलॉजी आणि ट्रेनिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेनिंगच्या आधी, ट्रेनिंग चालू असताना आणि ट्रेनिंग संपल्यावर रात्री साडेदहाला मेसेज करून जे प्रश्न विचारले जातात ते सगळे इथे एकत्र टाकलेत. क्रम फार नीट नाहीये. ज्या प्रश्नावर वर्गात जास्त भांडणं होतात त्याला जास्त जागा दिलीय.

हे ट्रेनिंग नेमकं कोणासाठी आहे?

ज्याच्याकडे अर्धा, एक, फार तर तीन-चार हेक्टर वाईनची द्राक्षं आहेत आणि जो स्वतः छाटतो, स्वतः फवारतो, काढणीच्या दिवशी स्वतःच क्रेट उचलतो, त्याच्यासाठी. मोठ्या इस्टेटीला पगारी सल्लागार परवडतो, तुमच्याकडे सल्लागार, ट्रॅक्टर ड्रायव्हर आणि मालक हे तिघं एकच माणूस असतात आणि त्या माणसाला झोपही लागते. त्यामुळे जे शिकवायचं ते दिवसाकाठी वीस मिनिटांत करता येईल असंच असायला हवं, नाहीतर दोन आठवड्यांत सुटतं.

सस्टेनेबल म्हणजे सेंद्रियच ना?

नाही, आणि हा गैरसमज पहिल्या तासालाच काढावा लागतो. इंटरनॅशनल ऑर्गनायझेशन ऑफ व्हाइन अँड वाईन (द्राक्षवेल आणि वाईन यांची आंतरराष्ट्रीय संघटना), म्हणजे ओआयव्ही, हिने २००४ साली शाश्वत द्राक्षशेतीची जी व्याख्या केली त्यात पर्यावरण तर आहेच पण शेतकऱ्याचं आर्थिक टिकून राहणं, मालाचा दर्जा, खाणाऱ्या-पिणाऱ्याची सुरक्षितता हे सगळं धरलंय. बाग हिरवीगार आणि मालक कर्जबाजारी, याला टिकाऊ म्हणत नाहीत.

आता सेंद्रियचं बघा. सेंद्रिय बागेत डाऊनीसाठी, म्हणजे पानावर तेलकट डाग पाडणाऱ्या केवडा रोगासाठी, मुख्य आधार म्हणजे तांबं, म्हणजे बोर्डो मिश्रण आणि त्याचे भाऊबंद. फ्रान्समधल्या बोर्डो भागात मिलार्दे यांनी १८८५ मध्ये ते जगासमोर मांडलं आणि ते आजही चालतं. पण तांबं मातीत विरघळून नाहीसं होत नाही, साठत जातं, गांडुळांना आणि मातीतल्या जिवाणूंना त्रास देतं. म्हणूनच युरोपियन युनियनने मर्यादा घातली, सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबं, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो. शिवाय तांबं आणि गंधक पानाच्या वरच राहतं, पाऊस आला की धुऊन जातं, परत फवारा, परत डिझेल, परत ट्रॅक्टरच्या चाकांनी माती दाबली. म्हणून आम्ही लेबल शिकवत नाही, हिशोब शिकवतो. सेंद्रिय करणाऱ्याला तर हा हिशोब दुप्पट काटेकोर लागतो कारण त्याच्या हातात औषधं कमी असतात.

मला स्मार्टफोन जेमतेम येतो, जमेल का?

फोटो काढता येतो आणि मेसेज पाठवता येतो ना, मग झालं. वहीत बिनचूक नोंद ठेवणारा माणूस सहा ॲप टाकून एकही न उघडणाऱ्यापेक्षा पुढे जातो, हे दर वर्षी दिसतं.

दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये का उरकत नाही? पूर्ण हंगाम कशाला?

कारण वेल दोन दिवसांत सगळं दाखवत नाही. डोळे फुगताना जे बघायचं ते फुलोऱ्यात दिसत नाही आणि फुलोऱ्यातली चूक मण्यात पाणी उतरताना, म्हणजे मणी मऊ पडून रंग बदलायला लागताना, कळते. हॉलमध्ये बसून डाऊनीची स्लाईड बघितलेला माणूस बागेत पहिला तेलकट डाग ओळखत नाही, हे मी स्वतःच्या बाबतीत सांगतोय, दुसऱ्याचं नाही.

आम्ही जी पद्धत वापरतो ती शेतीशाळेची आहे. एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने, १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांसाठी ही सुरू केली. तिथं अंदाधुंद फवारणीने तुडतुड्यांचे शत्रू मरत होते आणि तुडतुडे वाढत होते, तेव्हा शेतकऱ्यांना व्याख्यान देण्याऐवजी त्यांनाच शेतात उतरवून मोजायला, चित्र काढायला आणि निर्णय घ्यायला लावलं. द्राक्षात तेच करायचं. पंधरा-वीस जणांचा गट, एक ठरलेली बाग, फुटीपासून काढणीपर्यंत आठवड्याला किंवा पंधरवड्याला अर्धा दिवस. आधी सगळे ओळींमधून फिरतात, मग कागदावर वेल, रोग, किडी, माती, हवामान काढतात आणि मग प्रश्न एकच, या आठवड्यात काय करायचं आणि काय नाही करायचं. या दुसऱ्या भागावर म्हणजे काय नाही करायचं यावर सगळ्यात जास्त वाद होतो आणि शिकणंही तिथेच होतं.

पहिलं यंत्र कोणतं घेऊ?

दहापट मोठं दाखवणारं भिंग. नंतर साधं पर्जन्यमापक, नंतर मण्यातली साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर, नंतर फवारणीचा थेंब दाखवणारा पिवळा कागद. ही सगळी किरकोळ खर्चाची आहेत आणि यातलं एकही चार्ज करावं लागत नाही.

महागाचं काही घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा, याच्या आकड्यामुळे माझा कुठला निर्णय बदलणार आहे? आकडा काहीही आला तरी तुम्ही मंगळवारी फवारणारच असाल, तर ते यंत्र शोभेचं आहे. हा प्रश्न विकणाऱ्यालाही विचारा, बऱ्याचदा समोरचा एकदम कनेक्टिव्हिटीबद्दल बोलायला लागतो.

वेदर स्टेशन घ्यावंच लागेल का? फोनवर अंदाज दिसतोच की.

फोनवर दिसतो तो मोठ्या पट्ट्याचा अंदाज, तुमच्या उताराचा, तुमच्या खोलगट कोपऱ्याचा नाही. खोलगट जागेत रात्री थंड हवा साठते, दव जास्त वेळ राहतं, आणि रोग नेमका तिथूनच सुरू होतो. त्यामुळे बागेतलं स्टेशन उपयोगी आहे, पण एकट्याने घ्यायचंच असं नाही, लागून असलेल्या चार-पाच जणांनी मिळून एक घेतलं तरी चालतं, फक्त उंची आणि उतार साधारण सारखे हवेत.

घेतलं तर या चार गोष्टी मोजणारं घ्या: तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पानाचा ओलावा. वाऱ्याचा वेग असेल तर फवारणीला कामी येतो. तापमानाचा सेन्सर सावलीच्या झाकणात हवा, उघडा असला तर उन्हाचा आकडा दाखवतो हवेचा नाही. पानाच्या ओलाव्याचा सेन्सर पानांच्या मधे, घडांच्या उंचीवर लावायचा, खांबाच्या टोकावर लावला की वाऱ्याने लगेच सुकतो आणि सगळं ठीक आहे असं सांगत राहतो.

आणि मेंटेनन्स. आमच्या शिकाऊ बागेतल्या पर्जन्यमापकात एकदा कोळ्याने जाळं केलं, स्टेशन सलग नऊ दिवस शून्य पाऊस दाखवत होतं, आम्ही छत्री घेऊन उभे आणि मोबाईलवर शून्य, आणि तरी दोघांनी विचारलं की मग फवारायचं का नाही. त्या दिवसापासून शेजारी साधी नळीवाली मापटी पण असते आणि रोज कोणीतरी दोन्ही आकडे लिहितो.

रोगाचं मॉडेल म्हणजे काय? त्याच्यावर विश्वास ठेवायचा का?

मॉडेल म्हणजे हवामानावरून रोगाला आज किती पोषक आहे याचा हिशोब. तो बाहेरच्या कुणी बनवलेल्या डब्यासारखा वापरू नका, आतलं थोडं समजून घ्या, अवघड नाहीये.

डाऊनीचा जुना नियम तीन दहाचा. फूट १० सेंटीमीटर झाली, तापमान १० अंशांच्या वर आहे आणि एक-दोन दिवसांत १० मिलिमीटर पाऊस झाला, की पहिल्या संसर्गाचा धोका. हे असं का, तर रोगाचे बीजाणू गेल्या हंगामातल्या जमिनीवर पडलेल्या पानांत असतात, पावसाच्या थेंबाने उडून ते खालच्या पानांवर येतात. एकदा तेलकट डाग पडले की पुढचा खेळ रात्रीचा. किमान चार तास अंधार, आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर आणि तापमान साधारण १३ अंशांच्या वर असेल तर पानाच्या खाली पांढरी वाढ येते आणि तिथून परत पसरतं. म्हणजे पाऊस नसला तरी दव पुरतं.

भुरीचं, म्हणजे पानावर-मण्यावर पांढरट भुकटी आणणाऱ्या रोगाचं, उलटं आहे. तिला पानावर पाणी लागत नाही, पाऊस नाही म्हणून निवांत बसलेल्याला ती गाठते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसचं जे मॉडेल आहे त्यात लागोपाठ तीन दिवस रोज सलग सहा तास २१ ते ३० अंश तापमान राहिलं की धोक्याचा निर्देशांक चढायला लागतो, आणि पारा ३५ च्या वर गेला की उतरतो. निर्देशांक शंभरपैकी मोजतात, ३० च्या खाली असेल तर दोन फवारण्यांमधलं अंतर वाढवता येतं, ६० च्या वर असेल तर कमी करावं लागतं.

विश्वास ठेवायचा का? मॉडेलला तुमची बाग माहीत नाही. पानं दाट आहेत का, गेल्या वर्षी रोग किती होता, वाण कोणता, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. म्हणून मॉडेल म्हणजे हाक, मॉडेल बोललं की भिंग घेऊन ओळीत जायचं. पहिल्या वर्षी मॉडेलचं ऐकून एकही फवारणी गाळू नका, नुसतं लिहून ठेवा की त्याने काय सांगितलं आणि बागेत काय दिसलं, दुसऱ्या वर्षी एक-दोन गाळायची हिंमत येईल.

पानाचा फोटो काढला की ॲप रोग सांगतं, मग शिकायचं कशाला?

ॲप वापरा की, पण फसतं कुठे ते माहीत असू द्या. एक लाल कोळ्यासारखा पण डोळ्याला न दिसणारा कोळी असतो, तो पानावर वरून फुगवटे आणतो आणि खालून पांढरट मखमल. डाऊनीची पण खालून पांढरी वाढ असते. फोटोत दोन्ही सारखे दिसतात आणि नवखा माणूस, ॲपही, कोळ्याला डाऊनी समजून बुरशीनाशक मारतो, ज्याने काहीच होत नाही.

यावर उपाय एक प्लास्टिकची पिशवी. संशय असलेलं पान घ्या, ओला कागद टाकून पिशवीत बंद करा, रात्रभर अंधारात आणि उबदार जागी ठेवा. डाऊनी जिवंत असेल तर सकाळी डागाच्या खाली ताजी पांढरी वाढ दिसते, वर सांगितलेला रात्रीचा खेळ तुम्ही पिशवीत घडवून आणलात एवढंच. कोळ्याची मखमल जशी होती तशीच राहते आणि बोटाने पुसली जात नाही. वर्गात हा प्रयोग सगळ्यात लोकप्रिय आहे, लोक पिशव्या घरी घेऊन जातात.

औषध कमी करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?

ब्लोअरपासून, म्हणजे पंख्याच्या फवारणी यंत्रापासून. खरंच. औषध कुठलं यावर लोक तासभर बोलतात आणि ते औषध पानावर पोचतंय का हे कोणीच बघत नाही.

साधं गणित आहे, सगळ्या नोझलचं मिळून मिनिटाला किती लिटर निघतं ते मोजा, त्याला ६०० ने गुणा, मग ताशी वेग किलोमीटरमध्ये आणि ओळीतलं अंतर मीटरमध्ये यांच्या गुणाकाराने भागा, हेक्टरी लिटर मिळतात. उदाहरण घ्या, आठ नोझल, प्रत्येकातून १.२ लिटर, म्हणजे ९.६ लिटर मिनिटाला. वेग ताशी ४.८ किलोमीटर, ओळी २.५ मीटरवर. ९.६ गुणिले ६०० म्हणजे ५७६०, भागिले १२, आलं ४८० लिटर. आता तुम्ही डोक्यात हेक्टरी ६०० लिटर धरून टाकीत औषध घालत असाल तर रोज कमी डोस मारताय, आणि मग म्हणताय औषध बोगस.

नोझलखाली पाइप लावून बादलीत एकेक मोजा. नवीनपेक्षा १० टक्के जास्त सोडत असेल तर ते झिजलंय, बदला. दर वर्षी पहिल्या मोजणीला कोणाच्या ना कोणाच्या ब्लोअरवर डावीकडचं आणि उजवीकडचं इतकं वेगळं निघतं की मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो, कारण बागेत एकाच बाजूला रोग का येतो याचं उत्तर त्याला बादलीत मिळालेलं असतं.

मग पिवळे कागद. पाणी लागलं की निळे होतात. घडाच्या मागे, पानांच्या आत, वर, खाली असे वीसेक स्टेपल करा आणि नुसतं पाणी फवारा. पूर्ण निळा झाला म्हणजे ओघळलं, जमिनीवर गेलं. पिवळाच राहिला म्हणजे पोचलंच नाही. हंगामाच्या सुरुवातीला फूट छोटी असताना वरचे नोझल बंद करा आणि पंख्याची हवा कमी करा, आकाशाला औषध लागत नाही.

आणि औषधांची अदलाबदल म्हणजे नाव बदलणं नव्हे. दोन वेगळ्या नावांच्या डब्यात एकाच गटाचं औषध असू शकतं, म्हणून लेबलवरचा फ्रॅक कोड, म्हणजे बुरशीनाशकाच्या गटाचा नंबर, बघायचा. ११ नंतर परत ११ मारलं तर बुरशीला तुम्ही सरावच देताय.

ठिबक आहे, टायमर आहे, अजून पाण्याचं काय शिकायचं?

आधी हे मोजा की ठिबक सगळ्यांना सारखं देतंय का. ओळींच्या सुरुवातीचे, मधले, शेवटचे असे वीस ड्रीपर निवडा, खाली वाट्या ठेवा, पाच मिनिटांनी मोजा. सगळ्यांची सरासरी काढा, मग सगळ्यात कमी पाणी देणाऱ्या पाचांची सरासरी काढा. समजा एकूण सरासरी २०० मिलिलिटर आणि खालच्या पाचांची १२०, म्हणजे एकसारखेपणा ६० टक्के. हे वाईट आहे, ८५-९० च्या वर हवं. अशा बागेत सेन्सर लावणं म्हणजे गळक्या बादलीला सोन्याची कडी, आधी फिल्टर धुवा, लॅटरलची, म्हणजे ओळीतल्या ठिबकच्या नळ्यांची, टोकं उघडून फ्लश करा.

दुसरं, पाणी तासांत नाही मिलिमीटरमध्ये बोलायला शिका. हेक्टरवर १ मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर. ओळी २.५ मीटर आणि वेली १.२ मीटरवर असतील तर एका वेलीच्या वाट्याला ३ चौरस मीटर, म्हणजे १ मिलिमीटर म्हणजे वेलीला ३ लिटर. एकदा हे डोक्यात बसलं की पाऊस, ठिबक आणि बाष्पीभवन एकाच भाषेत येतात.

मातीतला सेन्सर लावायचा तर दोन खोलींवर, साधारण ३० आणि ६० सेंटीमीटर, आणि माती दाबून बसवा, भोवती पोकळी राहिली तर तो हवेचा ओलावा मोजतो. वरचा सुकतोय आणि खालचा हलत नाही याचा अर्थ मुळं वरच आहेत. दोन्ही कायम ओले म्हणजे तुम्ही पाणी वाया घालवताय. मोठ्या आकड्याची किंमत नाही, रेषेचा उतार बघायचा.

आणि वाईनच्या द्राक्षाला थोडी तहान हवी असते, मणी धरल्यापासून पाणी उतरेपर्यंतच्या काळात हलका ताण दिला की मणी लहान राहतो आणि सालीचं प्रमाण वाढतं. ताण किती झाला हे कसं कळणार? प्रेशर चेंबर, म्हणजे पानातली पाण्याची ओढ मोजणारं यंत्र, असेल तर उत्तम, पान तासभर पिशवीत झाकून दुपारी मोजतात, उणे ०.६ मेगापास्कलच्या आसपास म्हणजे वेल मजेत, उणे १.४ च्या खाली म्हणजे फार झालं. ते यंत्र गटाने मिळून घ्यायचं. नसेल तर शेंडे बघा. बागेत फिरत पन्नास शेंडे बघा आणि तीन ढीग करा, जोरात वाढतोय, मंदावलाय, थांबलाय. दर आठवड्याला तेच केलं की ताणाचा आलेख तुमच्या वहीत तयार होतो, बिनबॅटरीचा. आम्ही पहिल्या वर्षी हेच शिकवतो.

सॅटेलाईटचे फोटो फुकट मिळतात म्हणे, मग ड्रोन कशाला?

मिळतात. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी वरून जातात आणि त्यांच्या चित्रातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो. आता विचार करा, ओळी २.५ मीटरवर असतील तर एका ठिपक्यात चार ओळी आणि मधलं गवत एकत्र. अर्ध्या हेक्टरच्या बागेत जेमतेम पन्नास ठिपके येतात, त्यातले कडेचे बरेचसे शेजाऱ्याच्या झाडांनी नाहीतर रस्त्याने बिघडलेले. म्हणजे नकाशावर जिथे गडद हिरवं दिसतं तिथे वेल जोरदार आहे की नुसतं गवत माजलंय हे ठिपक्याला कळत नाही. मोठ्या बागेत ही अडचण चालून जाते, छोट्यात नाही.

ड्रोनने ओळ आणि गवत वेगळं करता येतं. पण विकत घेऊ नका, हंगामात एकदा, पाणी उतरायच्या सुमारास भाड्याने उडवा, आणि तुमच्याकडच्या उड्डाणाच्या नियमांप्रमाणे परवानगी घेऊनच. त्या एका नकाशावरून बागेचे दोन किंवा तीन भाग पाडा, जोरदार, मध्यम, अशक्त, आणि अशक्त भागात फावडं घेऊन खड्डा खणा. कारण नकाशा कुठे ते सांगतो, का ते खड्डा सांगतो. दोन-तीन वर्षांत हे भाग फारसे हलत नाहीत, त्यामुळे दर महिन्याला उडवायची हौस असेल तर ती हौस म्हणूनच करा.

ओळींमध्ये गवत राहू द्या म्हणता, ते पाणी नाही खाणार?

खाणार. फुकट काही नाही. पण उघडी माती पावसात वाहून जाते, उन्हात तापते आणि ट्रॅक्टरखाली दगड होते. तडजोड अशी, एक आड एक ओळीत ठेवा, पाण्याची ओढ सुरू झाली की कापून किंवा रोलरने आडवं करून तिथेच आच्छादन म्हणून पडू द्या. जोरदार वाढणाऱ्या भागात गवत वेलीला लगाम घालतं ते चांगलंच, अशक्त भागात द्विदल पिकं टाका किंवा काहीच नको. म्हणजे परत तोच नकाशा कामी आला.

फरक पडतोय का ते बघायला लॅब नको. दोन्ही बाजूंनी उघडा असलेला एक डबा जमिनीत ठोका, मोजून पाणी ओता, किती मिनिटांत जिरतं ते लिहा. गवताच्या ओळीत आणि नांगरलेल्या ओळीत एकाच दिवशी करा.

मेंढ्या सोडल्या तर चालतील?

पानगळीनंतर चालतात, पण मेंढीला तांबं फार लवकर बाधतं, त्यामुळे बोर्डो मारलेल्या बागेत विचार करून.

ब्रिक्स बरोबर आला की काढायचं ना?

ब्रिक्स फक्त साखर सांगतो. २२ ब्रिक्स म्हणजे साधारण साडेबारा टक्के अल्कोहोल होईल एवढं कळलं. पण पीएच आणि आम्लता? रात्री गरम असल्या की मॅलिक आम्ल वेलच वापरून टाकते, मग साखर आली आणि धार गेली. पीएच ३.६-३.७ च्या वर चढला की वाईनमध्ये नको ते जिवाणू लवकर शिरतात आणि सल्फर डायऑक्साइडचा असर कमी होतो, म्हणजे बागेतल्या चार दिवसांच्या उशिराची भरपाई वायनरीत करावी लागते.

पण त्याही आधी नमुना. लोक हात जाईल तिथला उन्हातला गोड मणी तोडतात, रिफ्रॅक्टोमीटरवर पिळतात आणि खुश. शंभर ते दोनशे मणी लागतात, ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे-मधले-खालचे, टोकाच्या वेली सोडून, दर वेळी दिवसाच्या साधारण एकाच वेळी. वर्गात आम्ही दोन गटांना एकाच ओळीत पाठवतो, एकाला न सांगता आणि एकाला पद्धत सांगून, आणि दोघांचे आकडे फळ्यावर शेजारी लिहितो. त्यानंतर समजवावं लागत नाही.

माल किती येणार ते आधी सांगता येतं का?

वेली गुणिले घड गुणिले घडाचं वजन. ३३०० वेली, वेलीला १८ घड, घड १२० ग्रॅमचा, म्हणजे ७.१ टनांच्या आसपास. मेलेल्या वेली वजा करायला विसरू नका, सगळ्यांचा आकडा तिथेच फुगतो.

रोग न येणाऱ्या जाती लावून सगळं सोपं नाही का होणार?

रेजेंट, सोलॅरिस अशा जाती आहेत, त्यांना फवारण्या खूपच कमी लागतात. पण शून्य नाही. आणि लावण्याआधी ती वाईन कोण घेणार ते विचारा. खुंट आणि रोपं मात्र तपासलेलीच घ्या, लीफरोलसारखा विषाणू एकदा आला की त्यावर औषध नाही, पिठ्या ढेकूण तो बागभर फिरवतो आणि वेल उपटण्याशिवाय उपाय नसतो.

छाटणी पण ट्रेनिंगमध्ये? त्यात कसली टेक्नॉलॉजी?

कात्री ही टेक्नॉलॉजीच आहे हो. जुन्या जाड लाकडावर मोठी जखम केली की तिथून लाकूड पोखरणाऱ्या बुरशी शिरतात आणि पंधरा वर्षांची वेल एका उन्हाळ्यात वाळते, तेव्हा मागचं कारण सहा वर्षांपूर्वीची छाटणी असते. जखमा लहान ठेवायच्या, शक्यतो एक-दोन वर्षांच्या लाकडावर, रसाचा मार्ग एका बाजूने चालू ठेवायचा, पावसात छाटायचं नाही. पंचवीस वर्षं टिकणारी वेल ही सगळ्यात मोठी सस्टेनेबिलिटी, त्यावर कोणी भाषण करत नाही.

यात आमचीही एक चूक झाली. पहिल्या बॅचला जमिनीचे मालक बोलावले, आणि ओळीत उतरल्यावर कळलं की छाटणी करतात त्यांच्या घरातल्या बायका आणि रोजाने येणारी माणसं, मालक फक्त कात्री आणून देतात. आता ज्याच्या हातात कात्री त्याला आमंत्रण, आणि रोजंदारीवाल्याचा त्या दिवसाचा रोज बुडू नये ही आयोजकाची जबाबदारी, ही अट आहे.

माझा डेटा कोणाकडे जातो?

विचारताय हे बरं केलंत. सेन्सर घेताना तीन गोष्टी लेखी मागा: डेटा तुम्हाला साध्या तक्त्यात उतरवून घेता येतो का, सबस्क्रिप्शन थांबवलं तर जुना डेटा मिळतो का, आणि तो तिसऱ्याला दिला जातो का. पहिल्याचं उत्तर नाही असेल तर पुढे विचारूच नका. आमच्या गटातल्या एकाची तीन वर्षांची नोंद कंपनीने सेवा बंद केली तेव्हा गेली. वही अजून आहे.

परीक्षा असते का? सर्टिफिकेट मिळतं?

सर्टिफिकेट मिळतं पण ते भिंतीसाठी. परीक्षा म्हणजे तुमची निर्णयांची वही. प्रत्येक फवारणी, प्रत्येक पाणी, आणि प्रत्येक वेळी जे नाही केलं ते, तारीख आणि कारणासकट. कारण चुकीचं निघालं तरी चालतं, कारण लिहिलंच नसेल तर चालत नाही. हीच वही पुढे कुठल्याही प्रमाणपत्राच्या तपासणीला लागते, त्यामुळे कष्ट वाया जात नाहीत.

खर्च किती दिवसांत वसूल होतो?

दिवसांत नाही होत, आणि जो दिवसांत सांगतो त्याच्यापासून लांब. नोझल आणि ठिबकची दुरुस्ती त्याच हंगामात जाणवते. स्टेशनचा फायदा साधारण दुसऱ्या वर्षी, जेव्हा तुम्ही त्याचं ऐकून एखादी फवारणी गाळायला लागता. मातीचं काम चार-पाच वर्षांचं आहे. या क्रमानेच पैसे घाला, उलट्या नको.

पहिल्या दिवशी काय घेऊन यायचं?

रेघांची वही, पेन्सिल कारण पेन ओल्या कागदावर चालत नाही, टोपी, पाणी, गेल्या वर्षीच्या औषधांच्या पावत्या असतील तर त्या, आणि तुमच्या बागेतली तुम्हाला न कळलेली दोन-चार पानं, पण बंद पिशवीत. कात्री आणणार असाल तर धुऊन, स्पिरिटने पुसून आणा, तुमच्याकडचं जे काही असेल ते शिकाऊ बागेत नको.